गोड पाण्याची साय

दर्यापूर, अकोट, तेल्हारा ही नावे आमच्या मनात चवीशी जोडलेली आहेत. विहिरीत पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा.

भूजलाची गणिती प्रतिमाने मांडणाऱ्याला हा प्रदेश सोपा वाटावा. खाली नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर, त्यातून हळूहळू झिरपणारे पाणी. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 साली वाळूतून पाणी सोडून जो नियम बांधला, तो येथे बराचसा लागू पडतो. चुनखडीच्या, म्हणजे कार्स्ट प्रदेशात तो फसतो. तेथे पाण्याने खडक विरघळवून स्वतःसाठी बोगदे कोरलेले असतात. शेजारच्या दोन विहिरींपैकी एक वाहती तर दुसरी कोरडी. म्हणून तेथील अभ्यासक नुसत्या पातळीवर विसंबत नाहीत. विवरात रंग सोडतात आणि तो कोणत्या झऱ्यात, किती दिवसांनी उमटतो ते पाहतात. पूर्णेच्या गाळात असे बोगदे नाहीत. तो अविश्वास मात्र आपण उसना घ्यावा असे आम्हांस वाटते.

कारण पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि त्याच्याबरोबर काय वाहते आहे हा दुसरा. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळ भरड. पाऊस तेथे सहज मुरतो आणि पाणी गोड असते. पूर्णेकडे उतरावे तसा गाळ चिकण होतो, पाणी रेंगाळते, क्षार साचतात. पावसाचे पाणी वजनाने हलके, म्हणून जेथे ते मुरते तेथे खाऱ्या पाण्यावर सायीसारखे राहते. ही साय पातळ असते. खोल बोअर घेऊन जोराचा उपसा केला, की खालचे खारे पाणी शंकूच्या आकाराने वर चढते. नुसती पातळी टिपणाऱ्या वहीत यातले काहीच उमटत नाही. प्रतिमानातली पातळी प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळू शकते आणि चवीचे भाकीत साफ चुकू शकते. पातळी पुढच्या पावसाळ्यात भरून निघते. वर आलेला खारेपणा तितक्या लवकर परत जात नाही. तेच पाणी शेताला दिले तर त्यातल्या सोडियमने काळी जमीन घट्ट होते, आणि मग पाऊसही मुरेनासा होतो.

पिण्यापुरता तोडगा निघाला तो डोंगरातून. वान आणि शहानूर धरणांचे पाणी नळांनी खाली आणले गेले. (सातपुड्यातून थेट गावात उतरणारा हा एक प्रकारे माणसाने घडवलेला कार्स्टच.) शेतीसाठी शेततळी आली, 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाण गावे घेतली गेली. पाऊस वरच्यावर अडवून वापरणे येथे शहाणपणाचेच आहे.

परंतु बोअरची गाडी गावात येतेच, आणि दर फुटावर ठरतो. आपल्या शिवारात कोणत्या फुटाला थांबायचे, हे त्या वेळी शेतकऱ्याला सांगता येईल असे प्रतिमान आम्हांस हवे आहे.