सर्व एकाच पंगतीत

अहिल्यानगर

चि. भाच्यास,


ज्यांच्या पूर्वजांना गावाने पिढ्यानपिढ्या विटाळाचे म्हणून वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच चर्चमध्ये येऊन पुन्हा स्वतःला पापी म्हणवून घ्यावे, हे कितपत न्याय्य आहे, असा तुझ्या पत्रातला प्रश्न आहे. या जिल्ह्यात तो विशेष टोकदार होतो, कारण 1831 साली तेव्हाच्या अहमदनगरला ठाणे उघडणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे वाढल्या त्या मुख्यतः महार व मांग समाजांतून आलेल्या माणसांमुळे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच्या अध्यायांचा क्रम या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. तो प्रथम मूर्तिपूजक जगाच्या अधर्माचे वर्णन करतो आणि नियमशास्त्र जवळ असलेला धर्मनिष्ठ यहूदी मान डोलावू लागताच त्याच्याकडे वळून, दुसऱ्याचा न्याय करणारा तूही त्याच दोषाखाली आहेस, असे बजावतो. सर्वांनी पाप केले आहे हा निष्कर्ष त्यानंतर येतो. म्हणजे या शिकवणीचा पहिला आघात स्वतःला शुद्ध समजणाऱ्यावर आहे. मूळपाप म्हणजे दुष्कृत्यांची यादी नव्हे, तर कृत्याच्याही आधी मनुष्याची इच्छा देवाकडून स्वतःकडे वळलेली असणे होय. मनुष्य स्वतःच्या निश्चयाने निष्पाप राहू शकतो, हे पेलागियसचे मत ऑगस्टीनने खोडून काढले आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ते नाकारले. आजारी इच्छेला स्वतःचा वैद्य होता येत नाही, म्हणून देवाने कोणतीही पात्रता न पाहता दिलेले जे दान तिला बरे करते, त्यास कृपा म्हणतात.

विटाळ काहींनाच जन्माने चिकटवला जातो आणि त्यामुळे उरलेल्यांची शुद्धता सिद्ध होते. पाप मात्र सर्वांचेच असल्याने त्यात कोणाच्याही शुद्धतेला जागा उरत नाही. चित्पावन ब्राह्मण कुळातले नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहावयास आल्यावरही सोवळेओवळे सांभाळत होत्या आणि ते गळून पडल्यावर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा बदल त्यांनी विलक्षण प्रांजळपणे नोंदवला आहे. प्रभुभोजनाची एक भाकर आणि एक प्याला ज्या पंगतीत फिरतो, तिथे ब्राह्मण आणि महार यांच्या हातात जे सारखेच येते, ते केवळ कृपेने, कोणाच्या योग्यतेने नव्हे.

तथापि सर्वांचे पापीपण सारखे म्हणजे सर्वांचा अपराध सारखा, असा अर्थ कोणी काढल्यास ती शिकवणीची विटंबना होय. पाणवठा अडवणारा आणि तहानलेला परतणारा, दोघांनाही कृपेची गरज आहे. पण त्या अन्यायाचा पश्चात्ताप, म्हणजे मन वळवून केलेल्या हानीची भरपाई करणे, अडवणाऱ्याकडेच मागावा लागतो. शेतमजुराच्या दारूवर प्रवचन करून जमीनदाराच्या हिशेबाविषयी मौन बाळगणारा उपदेशक पौलाचे पत्र अर्धेच वाचतो. लग्न जुळवताना पूर्वीची जात अजून विचारणारी ख्रिस्ती घरेही या न्यायातून सुटत नाहीत आणि हे दुःख मोठे आहे.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला तू सप्टेंबरात जाणार आहेस, म्हणून एक भेद ध्यानात असावा. पोप नववे पायस यांनी 1854 साली घोषित केलेल्या कॅथलिक सिद्धांतानुसार मरिया उदरात आल्या क्षणापासून मूळपापापासून राखली गेली. प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मान्य करत नाहीत. परंतु कॅथलिक मतानेही ती स्वतःच्या पुण्याईने राखली गेली नाही, तर पुत्राच्या पुण्याने, आधीच मिळालेल्या कृपेने राखली गेली. त्यामुळे तिलाही तारणाऱ्याची गरज होतीच.

– मामा