कुलपाची किल्ली

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला मी माझ्या हाताने कुलूप लावले. समाजमंदिराची मागची खोली, दोन कपाटे, चार बाकडी, एवढाच तो पसारा. मी कचेरीत कारकून. वाचनालयाचा हिशेब आणि किल्ली माझ्याकडे. साथ होती, माणसे दगावत होती. कुलूप लावणे भागच होते. त्याची मला खंत नाही.

खंत आहे ती पुढची. ऑक्टोबर २०२० मध्ये शासनाने वाचनालये उघडायला परवानगी दिली, तरी आमचे कुलूप तसेच राहिले. कमिटीत एकजण म्हणाला, "लोकांच्या चुली विझल्यात. आता धान्य वाटायचे की पुस्तके?" मलाही ते पटले. भरतीचा अभ्यास करणारी शेजारची मुलगी दोनदा येऊन गेली. "काका, खोली कधी उघडणार?" तिच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. "बघू गं, पुढच्या महिन्यात," असे मी सांगत राहिलो. खोली फेब्रुवारीत उघडली. तोवर ती पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली होती.

पुढे बेथनल ग्रीनची हकीकत वाचनात आली.

बेथनल ग्रीन ही लंडनच्या पूर्वेकडची कष्टकऱ्यांची वस्ती. ७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्बफेक सुरू केली. पहिल्याच दिवशी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे छप्पर फोडून बॉम्ब आत पडला. जवळच भुयारी रेल्वेचे अर्धवट बांधलेले स्टेशन होते. रात्री हजारो लोक तिथे आसऱ्याला जात. ग्रंथपाल जॉर्ज वेल आणि त्यांचे सहायक स्टॅन्ली स्नेथ यांनी १९४१ मध्ये वाचनालयच त्या भुयारात नेले. रुळांच्या जागेवर फळ्या टाकून खोली उभी केली. पुस्तके होती सुमारे ४,०००. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी खाली उतरत आणि झोपण्याआधी पुस्तक घेऊन जात.

ती जागा काही सुखाची नव्हती. ३ मार्च १९४३ रोजी त्याच स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे मेली. असल्या दिवसांतही त्या भुयारात उपाहारगृह होते, लहान मुलांना सांभाळण्याची सोय होती आणि वाचनालयही होते. चूल की पुस्तक, असा वाद त्यांनी घातला नाही. माणसाला दोन्ही लागते, हे त्यांनी ओळखले होते. आम्हीही धान्य वाटता वाटता दारातून पुस्तके देऊ शकलो असतो. एक वही आणि एक टेबल पुरले असते.

ती मुलगी अजून भेटते, हसून बोलते. अभ्यास सुटला त्याला एकटे कुलूपच कारण नाही, हे मला कळते. पण त्यात माझाही वाटा आहे, हेही कळते.

आता आमच्या खोलीच्या तीन किल्ल्या आहेत. एक मुलींच्या गटाकडे असते. वाचकहो, तुमच्या वस्तीतल्या वाचनालयाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारून ठेवा.