बॅटरीचं पाणी

गेल्या मे महिन्यात जर्मनीला, स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या धाकट्या भावाकडे पंधरा दिवस राहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. सांगायचं आहे ते त्याच्या अंगणातल्या गवत कापणाऱ्या यंत्राबद्दल.

हे यंत्र दिसायला कासवासारखं. ते कुणी ढकलायचं नाही, त्यात पेट्रोल घालायचं नाही. हिरवळीच्या कडेनं पुरलेल्या तारेच्या आत ते आपलं आपण फिरतं आणि बॅटरी उतरली की चार्जिंगच्या ठाण्यावर येऊन उभं राहतं. पण मी गेलो तेव्हा त्याची रया गेली होती. पूर्वी तासभर चालायचं, ते आता वीस मिनिटांत थकायचं. कधी ठाण्यापर्यंत येऊनही चार्ज व्हायचं नाही.

"दादा, बॅटरी गेली. पाच वर्षं झाली. नवीनच यंत्र घ्यावं म्हणतो," भाऊ म्हणाला.

मी मराठीचा एम. ए. यंत्रातलं मला काय कळणार? पण बॅटरी म्हटल्यावर अप्पा आठवले. आमच्या टिळकवाडीच्या घरात इन्व्हर्टर आल्यापासून महिन्यातला एक रविवार अप्पांनी त्यासाठी राखून ठेवला होता. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची, टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं किटण गरम पाण्यानं पुसून काढायचं, कोरडं करून व्हॅसलिन लावायचं. फडकं द्यायला मी, टॉर्च धरायला भाऊ. "बॅटरीला दोष देण्याआधी जोड बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. तिकीट मिळालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मनात अढी राहिली. फोनवर खुशाली तेवढी विचारायचो. त्यापुढं कुणी जात नसे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं यंत्राशी बसलो. ठाण्यावरचा दिवा लागलेला, म्हणजे वीज येत होती. यंत्र हातानं पुढं दाबून धरलं की चार्जिंग सुरू, हात काढला की बंद. म्हणजे दोष जोडातच! मुख्य बटण बंद केलं, ठाण्याचा प्लग काढला, पाती धारदार म्हणून हातमोजे घातले. चार्जिंगच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून कोरड्या फडक्यानं पुसल्या. हिवाळ्यात जमीन गोठते, मग वितळताना खचते; त्यात ठाणं एका बाजूला कललं होतं, म्हणून पट्ट्या नीट टेकत नव्हत्या. माती भरून ते सपाट केलं. चाकांतला चिखल आणि गवत ब्रशनं काढलं, बोथट पाती बदलली. त्यांच्यामुळंही बॅटरीवर ताण येतो. बॅटरी लिथियमची. तिला पाणी लागत नाही आणि ती उघडायचीही नसते. पण हिवाळाभर ती उतरलेलीच शेडमध्ये पडून होती. अशी बॅटरी चार्ज करून, गोठणार नाही अशा जागी ठेवावी लागते.

त्या दिवशी यंत्र चालवून बघता येईना. तिथं वस्तीत रविवारी गवत कापायच्या यंत्रांना कायद्यानं बंदी आहे. ते ठाण्यावर चार्ज होत राहिलं. संध्याकाळी आम्ही पायरीवर चहा घेत बसलो.

"टॉर्च धरून हात दुखायचा, पण अप्पा खाली ठेवू द्यायचे नाहीत," भाऊ म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मी वेळेवर यायला हवं होतं."

"तिकीट नव्हतं. मला माहीत होतं," मी म्हटलं. दोन वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोललो.

सोमवारी यंत्र पाऊण तास चाललं आणि आपलं आपण ठाण्यावर येऊन टेकलं. उरलेली पंधरा मिनिटं वयाची. ती कुठून आणणार? पण नवीन यंत्राचा विषय तिथंच संपला.

निघताना भावानं विचारलं, "घरच्या बॅटरीत आता पाणी कोण घालतं?"

मला उत्तर देता आलं नाही. बेळगावला आल्या आल्या झाकण उघडलं. पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर अर्धा तासही टिकत नाही, म्हणून वर्षभर मी बॅटरीलाच नावं ठेवत होतो!

पाणी घातलंय. भाऊ दिवाळीला येतोय. टॉर्च कोणी धरायचा, एवढंच ठरायचं आहे.