अंगठ्याचं नख

आजींनी मनीला भाजीच्या टोपलीत घालून, वर जुनी ओढणी बांधून आणलं होतं. 14 वर्षांची भाटी. "पाय चाटत बसते हो सारखी, आणि वास येतो," एवढीच तक्रार. पुढचा उजवा पंजा उलटा केला आणि कारण दिसलं. अंगठ्याचं नख वाढत वाढत गोल वळलं होतं आणि टोक तळव्याच्या गादीत घुसलं होतं. भोवती पू, त्यात चिकटलेले केस. "रोज माझ्या मांडीवर झोपते, आणि मला कळलं नाही," आजी म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या.

कळत नाही, हे खरं आहे. मांजराला साधारणपणे 18 नखं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढचं पाचवं, म्हणजे अंगठ्याचं नख आतल्या अंगाला, थोडं वर असतं. ते जमिनीला टेकत नाही, केसांत दडलेलं असतं. गादीत घुसलेली नखं मला बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

पण नख इतकं वाढलंच का? मांजराचं नख थराथरांनी वाढतं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. मांजर दाराची चौकट ओरबाडतं तेव्हा आपण म्हणतो, धार लावतंय. ते सहाणेवर सुरी घासावी तसं नसतं. वरचं जुनं टोपण निघून पडतं आणि आतलं नवं, टोकदार नख मोकळं होतं. केर काढताना दिवाणाखाली चंद्रकोरीसारखं पोकळ टरफल सापडतं ना, ते हेच. मागच्या पायांची टोपणं मांजर बहुधा दातांनी ओढून काढतं. म्हाताऱ्या मांजराचं हे ओरबाडणं कमी होतं. मग टोपणांवर टोपणं साचतात, नख जाड, ठिसूळ, पिवळट होतं आणि वळू लागतं. नखं पुरती आतही जात नाहीत; फरशीवर टकटक वाजतात, गोधडीच्या टाक्यांत अडकतात.

आणि ओरबाडणं का थांबतं? इथे मी स्वतः चुकलो आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत असाच एक बोका आला होता. नख कापलं, जखम धुतली, औषध दिलं, घरी पाठवलं. काही महिन्यांनी तोच बोका दुसऱ्या पंजाची तीच जखम घेऊन परत आला. तेव्हा पहिल्यांदा मी त्याचं कोपर दुमडून पाहिलं आणि तो कळवळला. ओरबाडायला पुढचे पाय ताणावे लागतात, खांद्यांवर भार घ्यावा लागतो, पाठ वाकवावी लागते. दुखऱ्या सांध्यांना ते झेपत नाही. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे पाहिले होते. त्यांतल्या 90 मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त उंच कपाटावर जायचं सोडतं, आणि आपण म्हणतो, वय झालं.

मनीला थोडी गुंगी देऊन नख कापलं, गादीतला तुकडा चिमट्याने ओढून काढला, जखम मिठाच्या पाण्याने धुतली. मग रक्त तपासलं. म्हाताऱ्या मांजराला वेदनाशामक देण्याआधी मूत्रपिंडं कशी आहेत ते पाहावंच लागतं, आणि थायरॉइडही, कारण तो वाढला तरी नखं जाड होतात. मनीची मूत्रपिंडं ठीक होती. एक्स-रेमध्ये दोन्ही कोपरं झिजलेली दिसली.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीही नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि जीव जातो. जखमेवर पाण्यात टाकताच पांढरं होणारं घरगुती जंतुनाशकही लावू नका. मांजर ते चाटतं.

नखं कापायला मी आजींना शिकवलं. दुपारी ऊन अंगावर घेऊन ती पेंगत असेल तेव्हा पंजा हातात घ्यायचा, बोट वरून-खालून हलकं दाबायचं, की नख बाहेर येतं. आतली गुलाबी रेघ म्हणजे जिवंत भाग, तिथे रक्तवाहिनी आणि नस असते. तिच्या पुढे दोन मिलिमीटर सोडून फक्त टोक कापायचं. एका बैठकीत दोन-तीन नखं पुरेत. ती पाय ओढू लागली की सोडून द्यायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. नख इतकं जाड असेल की रेघच दिसत नाही, तर मात्र घरी हात लावू नये. दर दोन-तीन आठवड्यांनी सगळे पंजे पाहायचे, अंगठा आधी.

मला मात्र कात्रीपेक्षा गोणपाटाचा भरवसा जास्त वाटतो. तरुण मांजराला उभा खांब आवडतो, म्हाताऱ्याला पुष्कळदा जमिनीवरचं सोपं जातं. आजींनी तिच्या झोपायच्या जागेशेजारी, उठल्या उठल्या पाय ताणता येतील असं, दुहेरी गोणपाट पाटाला खिळवून ठेवलं. तिच्या शी-शूच्या मातीच्या डब्याची एक कडही कापून ठेंगणी केली. दुखणं कमी करण्याचं औषध चालू होतंच.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या. जखम भरली होती, गादीवर नुसता गुलाबी डाग. मी पंजा तपासत असताना आजींनी पर्समधून कुंकवाची रिकामी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. तीन पोकळ टरफलं, पातळ, अर्धपारदर्शक.

"गोणपाटात अडकली होती," त्या म्हणाल्या. "तिची तिनेच काढलीत."