टाच टेकव म्हणू नकोस

प्रिय दादा,

परवा व्हिडिओ कॉलवर मनू चालत होती आणि तू मागून ‘टाच टेकव, नीट चाल’ असा धोशा लावला होतास. तिच्यादेखत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहिते आहे. लिहितेय बहीण म्हणून, पण मधूनच फिजिओथेरपिस्ट डोकावेल, तिला सांभाळून घे.

टाच तिला टेकवायची असतेच रे. मनू तिसाव्या आठवड्यात जन्मली. त्या दिवसांत मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांना लगटून जातात, हातांचे जरा लांबून. म्हणून तिची चित्रं सुरेख आणि पाय मात्र कडक. स्पास्टिक डायप्लेजिया तो हाच. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ मध्येच अकाली आणि अवघड जन्माशी या ताठरपणाचा संबंध जोडला होता. हा वाढत जाणारा आजार आहे असं तू कुठेतरी वाचलंस, ते डोक्यातून काढून टाक. मेंदूतली इजा आहे तेवढीच राहते. हाडं मात्र वाढतात आणि आवळलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने लांब होत नाहीत, म्हणून उंची भराभर वाढते त्या वर्षी चाल बिघडल्यासारखी दिसते.

आता एक कर. ओट्यापाशी उभा राहा आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला झटकन हात उचल. हात हलायच्या क्षणभर आधीच तुझ्या पायांचे मागचे स्नायू आवळलेले असतात, नाहीतर तोल पुढे जाईल. तुला हे कळतही नाही. मनूच्या शरीरात ही आगाऊ तयारी उशिरा होते, कधी अपुरी पडते. एसटीने ब्रेक मारला की आपण खालून वर सावरत जातो, आधी पोटरी, मग मांडी. अशा मुलांमध्ये पुष्कळदा हा क्रम उलटतो, शिवाय सांध्याच्या पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळतात. पाय लाकडासारखा होतो, आणि ताठलेल्या पायावर सावरणार कसं? ती पडते ती धांदरटपणाने नव्हे.

त्यात या स्नायूंची एक खोड आहे. जितक्या वेगाने ताणाल तितके ते उलट आवळतात. व्यायाम घेताना पाय सावकाश ताणायचा तो यासाठी. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकून ताठते, तुझ्या आवाजानेही तेच होतं. चालताना पाढेही विचारू नकोस. आपण चालता चालता भांडूसुद्धा शकतो (तू तर नक्कीच), पण तिला चालण्याकडेच लक्ष द्यावं लागतं.

बोटॉक्सचं विचारलं होतंस. त्याने ताठरपणा साधारण तीन महिने उतरतो. त्या काळात व्यायाम झाला नाही तर पैसे पाण्यात, आणि तोल इंजेक्शनने येत नाही. काकूंच्या तेल-मालिशला माझा विरोध नाही, पोरीला बरं वाटतं, पण तोल त्यानेही येणार नाही. तो येतो तोल जाऊ दिल्यानेच. तिला टेबलाशी उभं करून मटार सोलायला दे. शेंगा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, हात पुरेल-न पुरेल अशा ठेव. कलली की लगेच धरू नकोस, कमरेजवळ हात ठेवून थांब. सावरायची धडपड तिची तिला करू दे. तुझ्याच्याने हे बघवणार नाही, तर वहिनीला उभं कर. तिचा जीव तुझ्यापेक्षा घट्ट आहे.

स्प्लिंटच्या आत पायमोजा हवाच. काढल्यावर उठलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर ज्याने बनवलं त्याला दाखव. खुब्याच्या एक्स-रेची तारीख डॉक्टरांनी दिली असेल ती चुकवू नकोस. कडक स्नायूंच्या ओढीने खुबा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही.

गणपतीला येताय ना? घराच्या पायऱ्यांना कठडा बसवायला सांगितलाय. सुतार म्हणत होता एका बाजूला पुरे, मी दोन्ही बाजूंना करायला लावलाय. खर्च निम्मा तुझा.

तुझी,
छकू