कॉफीचें पाणी

तीर्थरूपांच्या जुन्या पेटींत त्यांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सांपडला. मागच्या तांबड्या खिडकींत ८ हा आंकडा दिसत होता. म्हणजे आंत फिल्म होती आणि ती अर्ध्याहून अधिक वापरलेली. घरांत आईचा स्टुडिओंतला एकच फोटो आहे. तेव्हां या फिल्मवर काय असेल, या विचारानें आम्हांस झोप येईना.

मुंबईस धाडा, असें स्नेह्यांनीं सुचविलें. पण टपालाच्या हवालीं करावयास जीव होईना. आम्ही पडलों इंग्रजीचे प्राध्यापक. तरी वाचनांत आलें होतें कीं, १९९५ सालीं अमेरिकेंत रॉचेस्टर येथील तंत्रविद्यालयांत स्कॉट विल्यम्स या अध्यापकांनीं विद्यार्थ्यांसह कॉफीच्या पाण्यांत फिल्म धुऊन दाखविली. गुण कॅफीनचा नव्हे, कॅफेइक आम्लाचा. धुण्याच्या सोड्याची जोड मिळाली कीं तें उजेड लागलेल्या रुप्याच्या क्षारांचें काळें रुपें करतें. यांत नवल तें काय? १८४१ सालीं टॅल्बटसाहेबांनीं याच कामीं गॅलिक आम्ल वापरलें होतें, आणि तें तर आमच्या बाळगुटींतल्या मायफळांतहि असतें.

लिटरभर पाण्यास ४० ग्रॅम कॉफी, ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्व. आधीं एका नव्या फिल्मवर प्रयोग केला, तो साफ फसला. सोडा खाण्याचा निघाला! सौभाग्यवतींनीं तोच तव्यावर खरपूस तापवून धुण्याचा करून दिला. रसायनशास्त्र त्यांचें, फजिती आमची. द्रावण हवें वीस अंशांचें, आणि रत्नागिरीच्या वैशाखांत नळाचें पाणी तिसाखालीं उतरेना. मिरकरवाड्याहून बर्फ आणला; त्याला मासळीचा वास, कॉफी-सोड्याला त्याहून उग्र. तें पातेलें पुन्हां स्वयंपाकघरांत आलें नाहीं. हायपो मात्र दुकानचाच. तो घरीं होत नाहीं.

दुसरी फिल्म चांगली उतरली. मग एके रात्रीं, दाराच्या फटींत धोतरें कोंबून, जुनी फिल्म डब्यांत चढविली. पंधरा मिनिटें कोणी बोललें नाहीं.

आठांपैकीं सात चित्रांवर नुसतें मळभ. आठव्यांत परसांत वाळवणावर ओणवलेली आई आहे. तोंड दिसत नाहीं. पण पदर खोंचण्याची ती तऱ्हा दुसऱ्या कोणाची नव्हे. मागें पायरीवर एक उघडा पोरगा बसला आहे. तो आम्ही कीं आमचे धाकटे बंधु, यावर घरांत अजून वाद चालू आहे.