खिडकी आणि कोठार

आमच्या शाळेचा बराच पत्रव्यवहार हल्ली ई-मेलने चालतो. शिष्यवृत्तीसंबंधीचे एक जुने पत्र शोधताना पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, तशी मुले वेबमेलला दूषणे देऊ लागली. मला मात्र त्या बिचाऱ्या वेबमेलची कीव आली!

वेबमेल ही केवळ खिडकी होय. पत्रांचे कोठार पलीकडे, मेल-सर्व्हरवर असते. १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आखलेल्या ‘आयमॅप’ या नियमपद्धतीने राउंडक्यूबसारखी खिडकी कोठाराला विचारते : पत्रे किती? कोणाची? अमुक शब्द कोणत्या पत्रात आहे? डव्हकॉटसारखा सर्व्हर पत्रांची सूची सिद्ध ठेवतो; म्हणून यादी झटकन उमटते. शब्दांची सूची नसेल, तर एका शब्दासाठी हजारो पत्रे चाळावी लागतात. त्यात सर्व्हरची डिस्क मंद असली, तर विचारायलाच नको! मग खिडकीला कितीही रंगरंगोटी करा, उत्तर उशिराच येणार.

यास्तव, विद्यार्थीमित्रहो, समोर दिसतो त्याला बोल लावण्यापूर्वी पाठीमागे कोण राबतो आहे, ते पाहावे. आणि आपणही निरुपयोगी पत्रे काढून, उरलेली वर्षवार लावून ठेवावीत. तेवढाच त्याचा भार हलका होईल.